भरलेल्या पावतीची सुनावणी

सुनावणीच्या खोलीचं दार न वाजवताच ती आत आली आणि तिने टेबलावर पार्किंगच्या दंडाच्या पाच पावत्या मांडल्या.

"शेवटच्या पावतीच्या दिवशी गाडी त्या गल्लीत नव्हती," ती म्हणाली. "मी समोरच बसले होते."

वाहतूक दंडाच्या कचेरीत असं म्हणणारे रोज वीसजण येतात. कुणाची गाडी नव्हतीच, कुणाची होती पण दोनच मिनिटं, कुणाच्या सासूला नेमकी तिथेच चक्कर आली होती. हे सगळं ऐकून खरं-खोटं वेगळं करणाऱ्या सुनावणी अधिकारी बाईंना कचेरीत सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर नव्हे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांनी पावत्या उलटून पाहिल्या. पाचही पावत्यांवर 'दंड भरला' असा शिक्का होता.

"भरलेल्या पावतीची सुनावणी होत नाही. भरला म्हणजे कबूल केलं."

"मी भरलाच नाही."

"मग कुणी भरला?"

"तेच विचारायला आलेय. गाडी माझ्या नवऱ्याची आहे. आठ महिन्यांपूर्वी तो दुपारी घरी येतो असा फोन करून दुकानातून बाहेर पडला, तो आलाच नाही."

चाळणीबाईंनी पेन खाली ठेवलं.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. पहिले काही दिवस पोलिसांनी शोध घेतला. मग टपालाने घरी पावत्या येऊ लागल्या. दंड भरला की गाडीमालकाच्या पत्त्यावर पावती पाठवायची, ही कचेरीची पद्धत. पहिली पावती तो नाहीसा झाला त्याच दिवसाची होती. दुसरी तीन आठवड्यांनंतरची. फौजदाराने ती हातात घेऊन तिला समजावलं होतं, की बाई, तुमचा नवरा धडधाकट आहे, गाडी लावतोय, दंड भरतोय. घर सोडून गेलेल्या मोठ्या माणसाला आम्ही कुठवर शोधणार? आणि शोध थांबला.

"तिसरी आली तेव्हापासून मी त्या गल्लीत जाऊन बसते," ती म्हणाली. "समोर इस्त्रीवाल्याचं दुकान आहे. टांगलेल्या कपड्यांमागे बसते, बाहेरून दिसत नाही. आला की आधी त्याच्या थोबाडीत मारणार होते, मग विचारणार होते. ही शेवटची पावती बघा. बुधवार, चार वाजून दहा मिनिटं. बुधवारी तीन ते सहा मी हलले नाही. ती जागा रिकामी होती, मॅडम. आणि शनिवारी ही पावती घरात येऊन पडली."

"इस्त्रीवाला काय म्हणतो?"

"म्हणतो, ती गाडी आता माणसांना दिसायची नाही. तो त्या जागेवर पाय ठेवत नाही. मीसुद्धा आता..." ती थांबली. "घराखाली गाडीचं दार वाजलं की मी दिवसासुद्धा दचकते."

चाळणीबाईंचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. तरी त्यांच्या अंगावर काटा आला.

"नियम असा आहे," त्या सावकाश म्हणाल्या, "की ज्याने दंड भरला त्याने गुन्हा कबूल केला. मालकाने भरलाच नसेल, तर मालकाने काहीच कबूल केलेलं नाही. म्हणजे सुनावणी घेता येईल. पावत्या ठेवून जा."

दुपारी त्या स्वतः गल्लीत गेल्या. एका बाजूला गोदामाची लांब भिंत आणि तिच्या पायाशी दगडी कठडा, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला. भिंतीलगत दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एका गाडीपुरती जागा. सगळ्या शहरात गाडी लावायला जागा मिळत नाही आणि इथे भर दुपारी ती मोकळी पडलेली. भुताच्या गाडीची बातमी पसरली होती तर. बाई त्या जागेत मुद्दाम उभ्या राहिल्या. मागे कुणीतरी आहे असं वाटून त्यांनी दोनदा वळून पाहिलं. मग स्वतःवरच चिडून परत आल्या.

कचेरीत येऊन त्यांनी पावत्या पुन्हा टेबलावर मांडल्या. फोटो नव्हते. फोटोची यंत्रं पुढल्या वर्षी येणार, असं दर वर्षी ऐकू येई. तोवर गस्तवाले छापील वहीतच पावती लिहीत. पानांना क्रमांक छापलेले, खाली कार्बन. गाडीचा नंबर, वेळ, जागा, आणि तळाशी दोन छोटी वर्तुळं. एक पुढच्या चाकाचं, एक मागच्या चाकाचं. हवा भरायची नळी चाकावर जिथे असेल तिथे घड्याळासारखं टिंब द्यायचं. पहिल्या पावतीत पुढच्या वर्तुळात दहावर टिंब होतं, मागच्यात चारवर. सही पाचही पावत्यांवर एकाच गस्तवाल्याची होती, पण ती गल्ली त्याच्याच वाट्याची, त्यात नवल नव्हतं.

त्यांनी पावत्या घेऊन आलेल्या त्या बाईला फोन केला.

"तुमच्या नवऱ्याच्या वाईटावर कुणी होतं?"

"दीर आहे. दुकान त्याला हवंय. पण भाऊ जिवंत असेपर्यंत त्याच्या सहीशिवाय मिळत नाही म्हणून दात-ओठ खातो."

"म्हणजे भाऊ जिवंत आहे असं दाखवून त्याचं नुकसानच होतं."

"हो."

"मग तो नव्हे."

संध्याकाळी त्यांनी तीन नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाला गाठलं.

"ह्या पाचही पावत्या रोख भरल्यात. शिक्क्याची वेळ वाच."

"नऊ चाळीस. ही पण नऊ चाळीस, ही नऊ पंचेचाळीस."

"तुझी खिडकी कितीला उघडते?"

"दहाला. त्याआधी फक्त आपले गस्तवाले कालची वसुली जमा करतात." कारकून डोकं खाजवू लागला. "कधीकधी म्हणतात, माणूस रस्त्यात भेटला, माझ्याकडेच पैसे दिले. आम्ही शिक्का मारतो. कोण विचारतंय?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आठ महिने गेले."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. कोडं सुटलं होतं आणि त्याचंच ओझं झालं होतं. सकाळी त्यांनी आधी तिला बोलावलं.

"पावत्या खोट्या निघाल्या, तर त्याचा अर्थ काय होईल, कळतंय ना तुम्हाला?"

तिने टेबलावरच्या पावत्या एकावर एक नीट रचल्या.

"कळतंय," ती म्हणाली. "तरी बोलवा त्याला."

गस्तवाला आला. तीस वर्षांची नोकरी, केस पिकलेले, अख्खी कचेरी त्याला काका म्हणे. फौजदार कोपऱ्यात बसला होता. भिंतीजवळ बसलेल्या, नवरा हरवलेल्या त्या बाईकडे काकाने एकदाच पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"काका, ह्या पावत्या तुमच्या?"

"माझ्याच."

"गाडी तुम्ही डोळ्यांनी बघितली?"

"न बघता कशी लिहीन?"

"पाचही वेळा?"

"पाचही वेळा."

"मधल्या काळात गाडी तिथून जात होती?"

"जाणारच की. आठ महिने एका जागी कोण लावून ठेवेल?"

"चाकाची टिंबं आपण कशासाठी काढतो, काका?"

"गाडी हलली नाही हे सिद्ध करायला. एकदा हलली की चाकं फिरतात, पुन्हा तशीच्या तशी कधी..."

काका मध्येच थांबला.

"दहा आणि चार," चाळणीबाई म्हणाल्या. "पाचही पावत्यांवर दहा आणि चार. आठ महिन्यांत गाडी पाच वेळा आली-गेली आणि चाकं तसूभरही चुकली नाहीत? गाडी एकदाच आली होती, काका. बाकीच्या चार तुम्ही पहिलीच्या कार्बनवरून उतरवल्या. खोटं रचायला डोकं लागतं, नक्कल करायला नुसता हात पुरतो. तीस वर्षांची सवय. वर्तुळ कोरं सोडवेना आणि मनाने भरायचा धीर होईना."

"पण कशासाठी?" फौजदाराने विचारलं.

"पहिल्या पावतीसाठी. त्या दिवशी ती खरोखर लिहिली गेली. त्यानंतर त्या माणसाला कुणी पाहिलं नाही. शेवटचं पाहणारा हा. पान क्रमांकाचं, फाडता येत नाही. ती एकटीच पावती राहिली असती, तर तुम्ही त्या गल्लीतच आला असता. म्हणून त्याने तिच्या पाठोपाठ आणखी चार लिहिल्या, म्हणजे माणूस जिवंत आहे आणि तिथे नेहमीच येतो असं वाटेल. आणि दंड लगेच भरला, कारण भरलेली पावती ह्या कचेरीत कुणीही उघडत नाही. मीसुद्धा नाही."

काकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पावती मागे घ्या म्हणून तो अडून बसला," तो पुटपुटला. "वही हिसकायला लागला. मी ढकललं. नुसतं ढकललं हो. मागे दगडी कठडा होता. इस्त्रीवाल्याचं दुकान त्या दिवशी बंद होतं, कुणी पाहिलं नाही."

"गाडी कुठे आहे?"

"उचलून आणलेल्या गाड्यांच्या आवारात. ताडपत्रीखाली."

"आणि तो?"

"आवारामागच्या कोरड्या विहिरीत."

फौजदाराने मान खाली घातली. दुसरी पावती दाखवून शोध त्यानेच थांबवला होता. मग तो उठला आणि काकाला घेऊन गेला.

खोलीत दोघीच उरल्या. चाळणीबाईंचा लोकांच्या सबबी ऐकण्यात जन्म गेला होता, सांत्वन कधी करावं लागलं नव्हतं.

"मी तुमची आशा तोडली," त्या म्हणाल्या. "मला फार वाईट वाटतंय."

तिने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज स्थिर होता.

"ती आशा नव्हती, मॅडम. दर पावतीला मला वाटायचं, हा इथे चार रस्ते पलीकडे येतो आणि घरी येत नाही. मी असं काय केलं होतं? आठ महिने मी त्याचा तिरस्कार केला. आणि तो बिचारा त्याच दिवशी गेला होता."

"तो तुम्हाला सोडून गेला नव्हता," चाळणीबाई म्हणाल्या.

"नाही," ती म्हणाली, आणि मग मात्र मोठ्याने रडायला लागली. "तो घरी यायलाच निघाला होता."