खडूची गाडी

दुकानात गर्दी होती आणि त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. कधी या पायावर, कधी त्या पायावर. मांडलेले स्विच उगाच चालू-बंद करून बघत होता.

"ती बारीकवाली वायर द्या," तो दुकानदाराला म्हणाला. "वेल्डिंग मशीन लावायचंय. घरच्या गॅरेजमध्ये गाडी बनवतोय."

"त्या वायरवर वेल्डिंग मशीन लावलंत तर गाडी राहील बाजूला, घराचा कोळसा होईल," मागून कुणीतरी म्हणालं.

त्याने वळून पाहिलं. खिशाला टेस्टर, केसांत भिंतीची भुकटी, हातात सामानाची यादी. त्याच्याच वयाची असेल.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी वायरमन आहे."

"वायर...मन?"

"परवान्यावर तसंच लिहिलंय. हसायचं असेल तर हसून घ्या, मग सांगते कुठली वायर लागेल ते."

तो हसला. मोकळं, मान मागे टाकून हसला. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच.

"मग कधी येता?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"गॅरेज बघायला!"

रविवारी ती गेली. घर त्याच्या आत्याचं होतं. त्याला लहानपणापासून आत्यानेच वाढवलेलं. तो कारखान्यात टर्नर होता, लेथवर काम करायचा. घराला चिकटून गॅरेज, म्हणजे लोखंडी खांबांवर पत्रे आणि आडोशाला विटांची भिंत. आत जुन्या गाद्या, मोडकं कपाट आणि एक पाय नसलेला पलंग.

"गाडी कुठंय?" तिने विचारलं.

"ही काय." त्याने कोब्याकडे बोट दाखवलं. सिमेंटच्या जमिनीवर खडूने गाडी काढली होती, खऱ्या मापाची. चार चाकं, स्टेअरिंग, एक सीट. "आधी जागा ठरवायची. गाडीच्या चारी बाजूंनी अडीच फूट मोकळे हवेत. मग बेंच, मग मशीन. मग गाडी."

"म्हणजे गाडी सोडून सगळं आहे."

"असाच आहे तो," दारातून आत्या म्हणाल्या. "पाळण्यातसुद्धा एका कुशीवर राहिला नाही. आम्ही चुळबुळ्याच म्हणतो त्याला. पोरी, चहा ठेवलाय. तारांना हात लावायच्या आधी पिऊन घे."

काम चार दिवसांचं होतं. मीटरपासून वेगळी जाड लाइन, दाराच्या बाजूच्या भिंतीवर मेन बोर्ड, बेंचच्या वर सॉकेट, आणि अंगणात खड्डा खणून अर्थिंग. त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, असं तिने सांगितलं होतं. तो रोज सकाळी बादलीभर ओतू लागला.

"झाड लावलंय जणू," आत्या म्हणाल्या. "फळ कधी धरतंय बघू."

चार दिवसांचे आठ रविवार झाले. दर वेळी काहीतरी निघायचंच. त्याने बेंच सरकवलं, म्हणून सॉकेट सरकवायचं. ट्यूबलाइटची सावली हातावर पडते, म्हणून दुसरी ट्यूब. धूर बाहेर जायला पंखा. ती मुकाट्याने शिडीवर चढायची, तो खाली शिडी धरायचा. एरवी क्षणभर न थांबणारा हा माणूस शिडी मात्र घट्ट धरायचा. अजिबात हलायचा नाही. तिने एकदा मुद्दाम खाली बघितलं. तो वरच बघत होता. दोघांनीही पटकन ट्यूबकडे बघितलं.

एकदा ती स्टूल घेऊन खडूच्या गाडीत जाऊन बसली.

"उठा, ती माझी सीट आहे," तो म्हणाला.

"मग माझी कुठंय?"

"एकट्याचीच गाडी आहे."

"बरोबरच आहे. तुमच्या शेजारी बसणार कोण? मिनिटाला उठता!"

ती चेष्टेत बोलली होती. तो मात्र बोटांनी नट फिरवत बसला.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा जुनी रेघ ओल्या फडक्याने पुसलेली होती. नवी गाडी काढली होती, आधीपेक्षा रुंद.

दोन सीटची.

त्या दिवशी तिच्या हातून तीनदा स्क्रू पडला. दर वेळी घरंगळत तो खडूच्या गाडीत गेला, आणि दर वेळी दोघंही एकदमच उचलायला वाकले...

मग तिला पत्र आलं. दूरच्या वीजकेंद्रात सहा महिन्यांचं काम, बसने दहा तास. ज्या कामासाठी तिने दोन वर्षं अर्ज केले होते तेच काम. पण पत्र वाचून आनंद व्हायच्या ऐवजी तिने आधी मोजले ते चुकणारे रविवार. जायचं तर होतंच. फक्त कुणीतरी आधी काहीतरी बोलायला हवं होतं.

"पुढच्या सोमवारी निघतेय," तिने त्याला सांगितलं.

"चांगलंय की," तो म्हणाला. आणि आधीच घट्ट असलेला बेंचचा बोल्ट पुन्हा आवळायला लागला.

"एवढंच?"

"नाही, म्हणजे... फार चांगलंय. फक्त तो कोपऱ्यातला एक पॉइंट राहिलाय, तो—"

"तो कुणाकडूनही करून घ्या!"

तिने सामान पिशवीत कोंबलं आणि निघाली. पण दारात तिचा पाय अडला. दार आणि खडूची गाडी एकाच वेळी नजरेत आली होती. तिने टेप काढला आणि दार मोजलं. मग गाडी मोजली.

"दार साडेपाच फूट. गाडी सव्वासहा."

"काय?" त्याने तिच्या हातातून टेप घेतला. स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. लेथवर केसाइतकी चूक चालत नाही, असं दहादा ऐकवणारा हा माणूस. दुसरी सीट काढताना त्याने दार मोजलंच नव्हतं.

"ही गाडी बाहेर निघणार नाही," ती म्हणाली.

"मग?"

"एक सीट पुसून टाका. सोपं आहे."

तिला वाटलं, तो 'नाही' म्हणेल. नुसतं 'नाही'. पण तो ओलं फडकं हातात घेऊन खाली बघत उभा राहिला. पुढचं तिला बघवेना. ती निघून गेली.

तो आठवडा कसा गेला ते तिलाच ठाऊक. बॅग भरायची, रिकामी करायची. कामावर एका ठिकाणी चालू लाइनला हात लागता लागता वाचला. फोन उचलायची, ठेवायची. पुसली असेल? पुसलीच असेल. त्याला काय, खडूच तर होता.

शनिवारी सकाळी आत्यांचा फोन आला. "पोरी, आधी इकडे ये. तुझा बोर्ड बघ काय झालाय तो. मला तर भीती वाटतेय."

ती धावतच गेली. आणि अंगणातच थांबली.

दाराच्या बाजूची भिंत नव्हती. अंगणभर विटांचा ढीग पडला होता. पण मधोमध, जेमतेम दीड वीत रुंदीचा विटांचा एक खांब तेवढा उभा होता आणि त्यावर तिचा मेन बोर्ड होता. एक स्क्रूही हललेला नव्हता. दोन्ही बाजूंनी भिंत फोडून त्याने बोर्डापुरत्या विटा राखल्या होत्या.

तो शेजारी उभा होता. भुवयांपर्यंत धूळ. हातात छिन्नी, आणि चक्क स्तब्ध.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"दार मोठं केलं. पत्रे खांबांवर आहेत, भिंतीवर नाहीत. ते बघून घेतलंय."

"आणि हा बोर्ड?"

"ते तुमचं काम आहे. मी कसं तोडू?"

ती आत डोकावली. कोब्यावर गाडी होती. दोन सीटची. आणि आता रेघ खडूची नव्हती, पांढऱ्या ऑइलपेंटची होती.

"खडू पुसला जातो," तो म्हणाला. "त्या दिवशी पुसायला वाकलो, पण हातच चालेना. मला बोलायला... जमत नाही पटकन. हातांनी काहीतरी करत राहतो. ते पॉइंट, पंखा... काहीच नको होतं मला. तुम्ही यावं, एवढंच हवं होतं." त्याने छिन्नी खाली ठेवली. "तुम्ही बसाल का त्या सीटवर? म्हणजे... गाडी नसतानाही?"

"मला परवा जायचंय."

"जा ना. जाऊ नका असं नाही म्हणत. दोन वर्षं वाट बघितलीत त्या कामाची."

"मग काय म्हणतोस?"

तो 'तू' तिच्या तोंडून कधी निघाला ते तिलाही कळलं नाही. त्याला मात्र कळलं. धुळीखालीही त्याचे कान लाल झालेले दिसले.

"परत ये, म्हणतो."

तिने मीटरकडे जाऊन लाइन बंद केली, टेस्टर लावून खात्री केली आणि बोर्डाचे स्क्रू काढायला लागली. "धर," म्हणाली. त्याने बोर्ड दोन्ही हातांनी धरला, शिडी धरायचा तसाच.

"सहा महिने आहेत," ती म्हणाली. "जाताना बसने जाईन. येताना बसने येणार नाही."

"म्हणजे?"

"मला न्यायला यायचं. शेजारची सीट रिकामी ठेवून."

"अरे, मग आता तरी सुरू कर!" घरातून आत्या ओरडल्या. त्या खिडकीशी होत्या, आणि बऱ्याच वेळच्या असाव्यात.

बोर्ड तिच्या हातात देऊन तो खरंच वेल्डिंग मशीनकडे धावला. बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"लाइट मी बंद केलीय, वेड्या," ती हसत म्हणाली. "आधी बोर्ड बेंचजवळच्या भिंतीवर लावते. तोवर तासभर बस एका जागी."

तो कोब्यावरच्या उजव्या सीटवर जाऊन बसला, मांडी घालून. शेवटचा स्क्रू आवळून, हात पुसून ती डावीकडे येऊन बसेपर्यंत तो जागचा हलला नाही.