बाकी एक

बसा अनुपमसाहेब. त्या स्टुलावर नको, पाय मोडलाय त्याचा. खुर्चीवर बसा. पोराचा लॅपटॉप गेम टाकायला तासभर लावतो, म्हणून अँटिव्हायरस काढायचा म्हणताय ना? काढतो. पाच मिनिटांचं काम हाय. पण आदी एक गोष्ट ऐका. ऐकून पण काढ म्हणालात तर लगेच काढीन.

मी सातवी नापास. आदी रेडिओ उघडले, मग टीव्ही, आता ही डबडी. इतकी वर्षं माझी एक सवय होती. प्रोग्राम टाकायचा म्हटलं की आदी अँटिव्हायरस बंद. तो दारातल्या वॉचमनसारखा असतो. आत येणारी एकेक फाईल थांबवून पिशवी तपासणार. गिऱ्हाईक डोक्यावर बसतं आन हा निवांत. म्हणून मी त्याला सरळ घरी पाठवायचो.

दोन वर्षं झाली. दसरा होऊन गेला होता. पळसदरीच्या वर डोंगराला टेकून ठाकर आदिवाशांची वाडी हाय, जांभूळमाळ. तिथली रूपाली बारावी शिकलेली, पोरांचा अभ्यास घेते. तिला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला. मी तो इथंच दुकानात पुसून कोरा केला. अँटिव्हायरस टाकलाच नाय. जुना जीव, उगाच धापा टाकेल. हे ध्यानात ठेवा.

दुपारी दोनला मी टेंपोतनं तो घेऊन वर गेलो. परतीचा पाऊस तीन दिवस लागून नुकता थांबलेला. खाली समाजमंदिरात टेबल मांडलं. रूपालीचं तोंड उतरलेलं.

"काय गं, काय झालं?"

"मोरूदादा, वरच्या घरांच्या मागं जमिनीला भेग पडलीय. माझा हात कोपरापर्यंत आत जातो. दोन दिवस सांगते, खाली येऊन झोपा. कुणी ऐकत नाय. कोंडाजीबाबा म्हणतो, डोंगर माझ्या आज्याच्या ओळखीचा हाय."

मी हसलो. खोटं कशाला बोलू.

त्या वाडीत एक रीत हाय. नवा भात निघाला की सगळी जमल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाय. देवाचा वाटा ठेवायचा, सगळ्यांनी बसायचं, मगच नवं खायचं. कॉम्प्युटर पण नवाच, म्हणून रूपालीची आई जिजा म्हणाली, "सगळी येऊ द्या रं, मग चालू करा."

"मावशे, हा काय भात हाय का?" मी म्हणालो. "माझं पाचला दुसरं काम हाय." आन गेम टाकायला घेतला. पोरांचा आकड्यांचा गेम, एवढासा. दोन मिनिटांत बसायला पाहिजे.

तो अडकला. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक निळी खिडकी उघडली. तपासले सतरा. बाकी सव्वीस.

मी म्हटलं, हा अँटिव्हायरस आला कुठनं? बंद करायला गेलो तर बाण त्या खिडकीवर जाईना. कडेला जाऊन थांबायचा. कंपनीचं नाव नाय, चित्र नाय. नुसते आकडे, आन ते पण मराठीत.

"आलं का रं चित्र?" जिजा सारखी विचारायची. "का हे पण तुझ्यासारखं सातवी नापास हाय?"

पोरं खिदळली. गेम येणार ही बातमी घराघरात गेली. बाया आल्या, बाप्ये आले. आकडा हळूहळू वर जात होता. एकवीस. तेवीस. मग बराच वेळ काय नाय. मग एकदम सत्तावीस.

रूपाली माझ्या कानाशी आली. "दादा, आत्ता जैतूकाका बायको-पोरं घेऊन आला. चार माणसं. बघा."

मी बघितलं. मग दाराकडं बघत बसलो. एक म्हातारी काठी टेकत उंबऱ्याच्या आत आली. अठ्ठावीस.

मी माऊसवरचा हात काढून घेतला, साहेब.

चारच्या सुमाराला वाडीतली लाईट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर थांबला नाय. वायर भिंतीत, भिंतीत करंट नाय, आन ती खिडकी तशीच निळी. पोरांना त्याचं काय वाटलं नाय. माझे हात मात्र मी मांडीखाली घातले.

तपासले बेचाळीस. बाकी एक.

"वाडीत माणसं किती गं?"

"बेचाळीस. सगळ्यांची आधारकार्डं मीच काढून दिलीत. फक्त कोंडाजीबाबा यायचाय."

"मग इथं एक्केचाळीसच झाली की. बेचाळिसावा कोण?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी."

मी उठलो. जैतूला म्हटलं, चल. आमी दोघं चिखलातनं वर पळालो. म्हातारा ओट्यावर सूप विणत बसलेला.

"बाबा, खाली चल."

"त्या डब्यात मला काय ठेवलंय? जा तिकडं."

"सगळी थांबलीत तुझ्यासाठी. नवं हाय ना? तुझ्याबगर कसं चालू करायचं?"

त्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. रीत त्याला मोडता येईना. जैतूनं त्याला पाठीवर घेतलं, तर वाटभर शिव्या. "हळू रं, मी काय भाताचं पोतं हाय?"

समाजमंदिराच्या दारात आलो. उंबरा ओलांडला.

त्रेचाळीस. बाकी काय नाय.

निळी खिडकी मिटली. गेम एका क्षणात बसला. त्याचं गाणं वाजलं, पोरांनी टाळ्या पिटल्या.

त्या टाळ्यांमध्ये तो आवाज आला. आभाळात गडगडतं तसा, पण जमिनीतनं.

मग धूळ.

मग काहीच नाय.

वरची नऊ घरं गेली. कोंडाजीच्या ओट्याच्या जागी टेंपोएवढा धोंडा होता. दोन शेळ्या गेल्या. माणूस एक पण नाय, साहेब. एक पण नाय. रूपाली मोठ्यानं रडली. कोंडाजी तिच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा.

वाडी आता खालच्या माळावर हाय. पक्की घरं झालीत. तीन बाळं जन्माला आली. कोंडाजी तो गेम खेळतो, पोरांना हरवतो. मी पण तेव्हापासनं वॉचमनला घरी पाठवत नाय. तपासतोय तर तपासू दे. थांबतोय म्हणजे कुणासाठी तरी थांबत असेल.

आज सकाळी रूपालीचा फोन आला. नवीन प्रोग्राम टाकायला घेतला, तर ती खिडकी दोन वर्षांनी परत आलीय. सगळी समाजमंदिरात जमलीत, पंचेचाळीसच्या पंचेचाळीस. तपासले पंचेचाळीस. बाकी दोन.

एक मी, हे कळलं. दुसरं कोण, ते कळेना. शटर ओढून निघतच होतो, तेवढ्यात तुमी आलात.

मघाशी मी लॅपटॉप उघडला, तेव्हाच बघितलं. तुमच्या पोरानं अँटिव्हायरस कधीच काढून टाकलाय. यात तो नायच. आन तरी हे कोपऱ्यात निळं काय हाय, बाकी किती, ते तुमीच वाचा.

भिऊ नका. ती खिडकी माणसांसाठी थांबते. गाडी आणलीय ना? मग उठा साहेब, माझ्यासंगं वर चला.