रोज एक शब्द

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पायांकडून. मागच्या खिडकीबाहेर आधी मातीने माखलेले बूट आले, मग गुडघे, मग दोराला लटकलेला अख्खा माणूस. त्याने काचेवर टकटक केलं.

"खिडकी उघडता का? दार फार लांब आहे."

"बाकीचे सगळे दारातूनच येतात," मी म्हटलं आणि… खिडकी उघडली.

आमच्या इमारतीमागचा कडा हळूहळू सुटत होता. माती कुठे सरकतेय ते वेळीच कळावं म्हणून मी त्यावर चाळीस डबे बसवले होते. साबणाच्या वडीएवढे, बिनतारी, प्रत्येकात दोन सेल. सेल संपले की दोरावरून उतरून ते बदलायचे, हे ह्याचं काम. सगळे त्याला दोरवाले म्हणत. त्याच्या हनुवटीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तो पडेपर्यंत मी बघत राहिले, आणि हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"पंधरा दिवसांत संपतात सेल," आत येऊन जुने सेल टेबलाखालच्या खोक्यात टाकत तो म्हणाला. "फार बडबडे आहेत तुमचे डबे."

खरंच होतं ते. माती ऐकायला फारसं काही लागत नाही, सगळा खर्च निरोप पाठवणाऱ्या रेडिओचा. आणि कडा भिजला की वरून दगड सुटायचे, त्यांच्याखाली हा लटकलेला! मी त्याच दिवशी ठरवलं, ह्या माणसाला सारखं वर जावं लागणार नाही असं करून दाखवायचंच.

तसा काटकसरीत माझा हात कुणी धरणार नाही. घरात मी सगळ्यांच्या मागे दिवे बंद करत फिरते. आई म्हणते, "हिच्या नवऱ्याला अंधारात जेवावं लागणार."

मी डब्यांना झोपायला शिकवलं. सगळ्यांनी एकदमच जागं व्हायचं. लांबवर ओरडायचं नाही, फक्त शेजाऱ्याच्या कानात सांगायचं, त्याने पुढच्याच्या. माती हलली नसेल तर चक्क गप्प. सेल किती उरलेत हेसुद्धा कळवायचं नाही.

"अगं, मग गप्प आहे तो झोपलाय की मेलाय, हे कळणार कसं?" आमच्या प्रकल्पाच्या सरांनी विचारलं.

"दोरवाले एकदा बघून येतील ना."

तो बघून आला. "संपले." मी प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. पुन्हा "संपले." दर वेळी तो खिडकीत बसून चहा प्यायचा. "कंजूष बाई, साखर तरी सढळ हाताने घाला!" आणि मी हसू दाबत एकच चमचा घालायची. पण तो गेला की रडू यायचं. सेल असेच संपत राहिले तर प्रकल्प गुंडाळायचा, असं सरांनी बजावलं होतं.

एक दिवस भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. त्यासाठी नवे सेल काढणं माझ्या रक्तात नाही. खोक्यातले मेलेले दोन घातले… आणि घड्याळ चालू लागलं. दुसऱ्या दिवशीही चालूच! मग मी खोक्यातला एकेक सेल मोजला. तळातले रिकामे होते. वरचे सगळे जवळजवळ भरलेले.

पुढच्या वेळी बूट दिसताच मी खिडकी उघडून सेल पुढे धरला.

"हे काय आहे?"

"सेल…"

"भरलेला सेल."

तो दोरावर गर्रकन फिरला आणि कड्याकडे तोंड करून म्हणाला, "संपले नाहीत म्हटलं असतं, तर… इथे यायला निमित्त काय उरलं असतं?"

सुखावले मी, खोटं कशाला सांगू? पण राग त्याहून मोठा होता.

"निमित्तासाठी दगडांखाली लटकत होतास? पडला असतास तर? आणि माझं काम बंद पडायची वेळ आलीय, कळतंय?"

रागाच्या भरात मी त्याला 'तू' म्हणून गेले होते. त्याचा चेहरा उतरला.

"हे माहीत नव्हतं. शप्पथ. सरांना मीच सांगतो."

"सांगच. आणि सेल खरोखर संपेपर्यंत कड्यावर पाय ठेवायचा नाही."

"मग डबे जिवंत आहेत, हे तुम्हाला कळणार कसं?"

काटकसर करावी, पण इतकी? त्या संध्याकाळी मी प्रत्येक डब्याला रोज एक शब्द बोलायची मुभा दिली: 'आहे'.

सरांनी त्याला खडसावलं, पण मला उरलेला अख्खा पावसाळा दिला. त्याला लांबच्या एका पुलावर काम मिळालं. निघताना त्याने विचारलं, "मलाही मुभा आहे का? एका शब्दाची?"

रोज संध्याकाळी फोनवर यायचं, "आहे." मी लिहायची, "आहे." पाऊस कोसळला, दगड सुटले. एका दुपारी वरचे डबे एकदम बोलू लागले आणि आम्ही मागच्या खोल्या वेळेत रिकाम्या केल्या. त्या खिडकीवर धोंडा आदळला तेव्हा आत कुणी नव्हतं, बाहेरही कुणी लटकलेलं नव्हतं. मी आधी त्यालाच फोन लावला. लागला नाही. पुलावर रेंज नव्हती, एवढंच. पण संध्याकाळी उशिरा त्याचा शब्द येईपर्यंत मला घास गिळवला नाही. मी ह्याच्याशिवाय राहू शकत नाही, हे मला तेव्हा स्वच्छ कळलं.

पावसाळा सरला. चाळीसच्या चाळीस डबे त्याच सेलवर 'आहे' म्हणत होते. सरांनी प्रकल्प कायम केला, त्याच दिवशी टकटक झाली. ह्या वेळी दारावर. बूट स्वच्छ पुसलेले.

"आहे," तो म्हणाला.

"एका शब्दावर पावसाळा काढलाय मी," मी म्हटलं. "आता पुरे. आत ये, बस. मला खूप बोलायचंय… आणि पहिलं हे, की मला तू हवा आहेस. रोज. निमित्ताशिवाय."

तो बघतच राहिला. "कंजूष बाई… एवढे शब्द, एकदम?"

"अजून आहेत," मी म्हटलं, आणि साखरेची अख्खी बरणी त्याच्यापुढे सरकवली.