लाल गाडी आणि काळे हात

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. एक गाडी डोळ्यांसमोर आणा. लालभडक, जुन्या काळातली, दोनच माणसं बसतील एवढी, आणि इतकी बुटकी की शेजारून चाललेली म्हैस तिच्याकडे मान खाली घालून बघेल. वर टप नाही. आता बॉनेटच्या फटीतून एक दोरी बाहेर काढा, पुढच्या काचेवरून आत घ्या, आणि तिचं टोक आठ वर्षांच्या एका मुलीच्या मुठीत द्या. दिसली? गाडी चालवणारा तरुण ओरडतो, "वढ!" मुलगी दोरी ओढते, गाडी गुरगुरत पळते. तो ओरडतो, "सोड!" ती सोडते, गाडी मंदावते.

अशी ही गाडी मार्गशीर्षातल्या एका रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला वेल्ह्याकडून नसरापूरमार्गे कामथडीत आली, आणि 'हनुमंत वेल्डिंग वर्क्स' अशी पाटी असलेल्या पत्र्याच्या शेडसमोर दोन गचके खाऊन उभी राहिली.

शेडमध्ये ट्रॉलीचा दांडा जोडत बसलेल्या सुलक्षणानं ठिणगी थांबवली. नाकापर्यंत बांधलेला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात वडिलांचा जुना शर्ट, हातांत चामड्याचे मोजे. सकाळपासून ती धुमसत होती. चार वाजता तिला बघायला पाहुणे येणार होते. त्याचं काही नाही, पण बयाआत्यानं मुलाकडच्यांना सांगून ठेवलं होतं की मुलगी घरातच असते, शिवणकाम करते. वेल्डिंगच्या उजेडानं वडिलांचे डोळे अधू झाल्यापासून सहा वर्षं हे दुकान सुलक्षणा एकटी चालवत होती, आणि लग्न ठरलं की आत्या हीच शेड चहाच्या हॉटेलला देणार होती. "चारपर्यंत तरी दुकान माजं हाय," असं म्हणून ती सकाळीच घरातून निघून आली होती.

तिनं दोरी पाहिली. दोरीचं टोक कुणाच्या हातात आहे तेही पाहिलं.

"अवो ताई, जरा बघता का? एक्सलेटर तुटलाय. मार्गासनीच्या म्होरं…"

"आदी त्या पोरीला खाली उतरवा!"

तरुण दचकला. पांढराशुभ्र शर्ट, नवे कोरे बूट, कपाळावर घाम. त्याचं नाव सोमनाथ.

"ही माजी पुतणी. प्रांजल. लई हुशार हाय, बरुबर वढती—"

"हुशार तीच दिसतीया! स्प्रिंग अडकली असती, दोरी कुठं गुतली असती, तर? गाडी थांबली असती का? लेकराच्या हातात इंजिन देता, लाज न्हाई वाटत?"

"मला मजा आली," प्रांजल म्हणाली.

"तू गप!" दोघंही एकदम म्हणाले, आणि मग एकमेकांकडे रागानं बघत राहिले.

सुलक्षणानं बॉनेट उघडलं. प्रांजलला मात्र तिनं जवळ बोलावलं, आवाज जरा मऊ केला. "हे बघ. हितनं इंजिन श्वास घेतं. हितं आत एक झाकण हाय. पायानं एक्सलेटर दाबला की ही तार वढली जाती, झाकण उघडतं, इंजिन जोरात श्वास घेतं आन् पळतं. पाय उचलला की ही स्प्रिंग झाकण मिटती. आज पायाचं काम तुज्या हातानं केलं. कळलं?"

"कळलं. म्हंजी मी एक्सलेटर हुते."

"व्हय. आन् तुजा काका बिनडोक हुता."

सोमनाथ ओठांच्या कोपऱ्यात कसंनुसं हसला, आणि त्या हसण्याचाही सुलक्षणाला राग आला… त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं म्हणून जास्तच.

पाय ठेवायचा बिडाचा तुकडा बिजागरीजवळ मोडला होता. बीड ठिसूळ असतं. साधा टाका घातला तर आज धरेल, उद्या पुन्हा तडकेल. "नवाच करावा लागंल," ती म्हणाली आणि मोडका तुकडा उचलायला आत वाकली. तेव्हाच सीटवर पडलेलं पाकीट तिला दिसलं. पाकिटातून अर्धा बाहेर आलेला फोटो. अबोली साडी, स्टुडिओनं पिठासारखा गोरा केलेला चेहरा, आणि पदराखाली दडवलेले दोन्ही हात. तिचाच फोटो.

सुलक्षणा मोडका तुकडा न घेताच बाहेर आली.

"काय झालं ताई?"

"ताई म्हणू नका!"

"मग काय म्हणू?"

"काय बी म्हणू नका. कुठं निघालाय एवढं नटून?"

"हितंच, कामथडीत. मुलगी बघायला." तो बुटांकडे बघत म्हणाला. "आई आन् मामा भोरवरनं येष्टीनं येत्यात. मला गाडी घिऊन ये म्हणाले."

"गाडी तुमची व्हय?"

तो म्हणाला, "न्हाई. आमच्या गावाबाहेर आनंदराव ऱ्हात्यात, त्यांची. म्या आपला धुतो, पुसतो, त्यांना फिरवून आणतो. माजा दुधाचा टेम्पो हाय. रोज सकाळी दूध घिऊन हितं हायवेला येतो. पर मामा म्हणाला, टेम्पोतनं मुलगी बघायला जाऊ ने. गाडी बघितली की छाप पडती."

"म्हंजी खोटं बोलायला निघालाय."

"म्या न्हाई बोललो. मामा बोलला."

"आन् तुमच्या तोंडाला काय कुलूप हुतं?"

हे बोलताना तिचा आवाज चिरकला. कारण पदराखाली हात घे म्हणून आत्यानं सांगितलं तेव्हा तिच्या तोंडालाही कुलूपच होतं. ती भिंतीकडे वळली आणि कुळवाची जुनी फास, म्हणजे पात्याची लोखंडी पट्टी, काढून तिनं शिकंज्यात धरली. करवतीचा आवाज इतका मोठा केला की पुढचं बोलणंच होऊ नये.

पट्टी कापली. वाकवली. पिनेसाठी भोक पाडलं. आता पायाचा कोन बघायचा होता.

"बसा. पाय ठेवा. बूट काढून."

त्यानं बूट काढला. टाचेला मोठा फोड आला होता.

"नवे हायती. चावत्यात," तो ओशाळून म्हणाला.

"ते बी मामांनीच आणले?"

"…व्हय."

रुमालाआड सुलक्षणाला हसू आलं. तिनं ते दाबलं. त्याचं पाऊल पट्टीवर ठेवून तिनं खडूनं भोवती रेघ मारली. तिची बोटं त्याच्या घोट्याजवळ आली तेव्हा तो श्वास धरून बसला. ती पण. शेडमागच्या करवंदीच्या जाळीत पक्षी कुठंतरी एकदाच ओरडला.

"मुलगी कशी हाय?" रेघेवरची नजर न उचलता तिनं विचारलं.

"ठावं न्हाई. फोटोत काय कळतंय? चेहरा तर पावडरीचा डबा सांडल्यागत." तो थांबला. "पर तिनं हात का लपवलं असतील? चार दिस झालं, त्येच डोक्यात हाय. काय लागलंय का, भाजलंय का… का कुणी लपवायला लावलं?"

खडू मोडला.

तिनं चष्मा लावला. ठिणगी पेटली, निळा-पांढरा उजेड शेडभर उसळला. मुलांनो, खरं सांगायचं तर त्या क्षणी तिच्या मनात एक वाईट विचार येऊन गेला. हा टाका कच्चा ठेवला तर? गाडी शंभर पावलांवर पुन्हा बंद पडेल. चार वाजून जातील, मामा रुसेल, सगळं मोडेल. शेड तिची राहील. पण कच्चा टाका तिच्या हातानं आजवर पडला नव्हता. तिनं पुरता टाका घातला, ठोकून बघितला, पट्टी बसवली, तार जोडली. दोरी सोडून गुंडाळून ठेवली. मग ग्रीसचा डबा प्रांजलपुढे धरला. "ह्यात बोट बुडव आन् बिजागरीला लाव. म्हंजी कुरकुरणार न्हाई."

प्रांजलनं जीभ बाहेर काढून, मन लावून ग्रीस लावलं.

सोमनाथनं पाय दाबला. गाडी लोण्यासारखी मऊ गुरगुरली. तो काही बोलणार तेवढ्यात रस्त्यावरून बयाआत्या तरातरा आली, एका हातात अबोली साडी, दुसऱ्या हातात लिंबू.

"सुलक्षणे! पावनं येष्टीतनं उतरलं की गं! ही बोटं घास आदी, काळी कोळसा—" आणि तिला मुलाच्या मामानं सांगितलेली लाल गाडी दिसली. गाडीतला पांढरा शर्ट दिसला. आत्या जागच्या जागी थिजली, पण तोंड थिजलं नाही. "म्हंजी… ही न्हाई हां पावनं! ही आमच्याकडं कामाला हाय. आमची सुलक्षणा घरात मिशनीवर बसलीया."

सुलक्षणानं चष्मा काढला. रुमाल खाली ओढला.

"मीच सुलक्षणा. मला सुईत दोरा ओवता येत न्हाई. लोखंड जोडता येतं. ही शेड मी सोडणार न्हाई, लग्न झालं तरी न्हाई. झाली तुमची गाडी. जावा आता!"

सोमनाथ गाडीतून उतरला. एका पायात बूट, एक पाय उघडा. आणि इतका वेळ मुकाट शिव्या खाणारा तो माणूस भडकला.

"मगापासनं वळखत हुता तुमी मला?"

"व्हय!"

"आन् मी येड्यागत तुमचीच गोष्ट तुमालाच सांगत बसलो?"

"व्हय!"

"मग माजं बी ऐका! मला शिवणारी पायजे का, म्हणून कुणी इचारलं मला? एकानं तरी? रोज सकाळी वेल्ह्यावनं टेम्पो घिऊन म्या ह्या बंद दारावनं जातो. येताना तुमाला हितं सोडीन, सांजच्याला परत नेईन. शेड कशाला सोडायची? आन् चार दिस ज्या हातांचा घोर लागला हुता मला, ते हात… ते हात असले गुणाचे, आन् तुमी ते पदराखाली घालता? राग मला यायला पायजे!"

आत्याच्या हातातलं लिंबू घरंगळत गाडीखाली गेलं.

सुलक्षणानं हळूहळू मोजे काढले. डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, नखांत काळं, तळव्यांना घट्टे. तिनं दोन्ही हात त्याच्यापुढे धरले, जरा रागानंच. त्यानं ते धरले. पांढऱ्या बाह्यांवर काळी बोटं उमटली.

"सकाळी किती वाजता?" तिनं विचारलं.

"आं?"

"टेम्पो. किती वाजता निघतो?"

"सहाला."

"उशीर केलात तर बघा," ती म्हणाली. आवाज अजून रागाचाच होता, पण हात तिनं सोडवून घेतले नाहीत.

आणि प्रांजल? ती मुकाट्यानं गाडीत जाऊन बसली. पाकिटातून तिनं फोटो बाहेर काढला, मांडीवर ठेवला, ग्रीसच्या डब्यात बोट बुडवलं, आणि अबोली पदरावर, जिथं असायला हवे होते अगदी तिथं, दोन काळेभोर हात काढले. दहाही बोटं मोजून.