ठमीची सुटी

विश्वास ठेवा, नका ठेवू. घडलं तेवढंच सांगते.

गेल्या माघातली दुपार. बोईसरच्या घरात मी आणि माझी नात स्वरा, दोघीच.

स्वरा घरून कंपनीचं काम करते. तिचं सॉफ्टवेअर फार हळू चालायचं. पाचपर्यंत ते वेगाने चालवून निकाल पाठवला नाही, तर नोकरी जाणार होती.

"आजी, कॉम्प्युटरला आठ कोअर आहेत. म्हणजे आठ कामगार. पण राबतो एकच. बाकीचे सात नुसते बसून!"

"मग मुकादमच कच्चा," मी म्हटलं. "तारापूरच्या कारखान्यात सूत गुंडाळायला आम्ही आठ जणी होतो. आधीच वाटून दिलं की एकीसाठी सगळ्या खोळंबायच्या. मग ढीग मध्ये ठेवला. जिचं संपेल तिने उचलायचं."

 स्वरा भराभर टाइप करू लागली.

चारला स्क्रीनवर सात कोअरच्या सात पट्ट्या सरसर चढल्या.

आठवी... तशीच.

"ही काय बहिरी आहे?" स्वरा वैतागली.



कारखान्यात आमच्यातली आठवी, ठमी. डोंगरातल्या पाड्यावरची. मोठेपणी तापाने कान गेलेले, तिला ऐकू यायचं नाही. मी टेबलावर दोन थापा मारल्या की हादऱ्याने तिचे हात सुरू व्हायचे.

नकळत मी स्वराच्या टेबलावर दोन थापा मारल्या.

आठवी पट्टी... चढली.

"आजी, हातगुण गं तुझा!" स्वरा हसली.

पावणेपाचला काम संपलं. सात पट्ट्या उतरल्या. आठवी चालूच. आठही थांबल्याशिवाय निकाल येणार नव्हता.

"पण ही करतेय काय? काम उरलेलंच नाही!"

मला वास आला... जळक्या सुताचा.

"बाय, सुटी झाली का तीन थापा मार हां. नायतं मी आपली बसूनच ऱ्हायन," ठमी हसून म्हणायची.

कारखान्यात आग लागली तेव्हा आम्ही सात जणी बाहेर धावलो. आपल्या लोखंडी स्टुलावर बसलेल्या ठमीची दाराकडे पाठ होती.

तीन थापा... राहिल्या. माझ्याकडून.

पाचला दोन मिनिटं होती. स्वराचे डोळे भरले.

मी हात उचलला. एक... दोन... तीन.

आठवी पट्टी उतरली. निकाल आला. नोकरी वाचली.

आणि आमच्या मागे... लोखंडी स्टूल फरशीवर सरकलं.

आमच्या घरात लोखंडी स्टूल नाही.

"खालच्या मजल्यावरचा आवाज असेल," स्वरा म्हणते.

असेल.

हल्ली मी टेबलावर ताटंसुद्धा आवाज न करता मांडते. पाड्यावर ठमीचं आता कुणी उरलेलं नाही. इतक्या वर्षांनी सुटी झालेली बाई...

घरी म्हणून कुणाकडे जाईल?