तीन ते पाचची इस्त्री

त्या वर्षी विजेचं बिल पहिल्यांदाच माणसांच्या भाषेत आलं. पूर्वी त्यावर आकार-अधिभारांचे इतके रकाने असत, की शिकलेली माणसंही शेवटचा आकडा बघून मुकाट पैसे भरत. आता 'सुबोध देयक' नावाचं मानक लागू झालं होतं. कुठल्या उपकरणाने केव्हा किती वीज खाल्ली, ते साध्या वाक्यांत लिहायचं, असा त्याचा दंडक होता.

वाईच्या कालिंदीबाई चांदोरकरांना त्याचा भारी अभिमान, आणि तो रास्तच होता. कुठलाही मसुदा मंजूर होण्याआधी सामान्य ग्राहकाने तो मोठ्याने वाचून अर्थ सांगायचा, अशी पद्धत होती. मराठीच्या या निवृत्त शिक्षिकेने एकोणीस मसुदे वाचले आणि सोळा नापास केले. 'ग्राहकाला न रुचणारी ओळही गाळू नये' हे कलम तर त्यांनी हट्टाने घालायला लावलं होतं.

पहिलं बिल घेऊन डॉ. मृण्मयी लोखंडे स्वतः घरी आली. मानकामागचं शास्त्र तिचं, आणि शाळेत ती बाईंचीच विद्यार्थिनी.

"एका मीटरवरून घरात काय काय चालू आहे ते कळतं कसं गं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही फळ्याकडे तोंड करूनही कोण बोललं ते ओळखायचात ना बाई, तसंच. प्रत्येक उपकरणाची वीज ओढायची लकब वेगळी. तिला आम्ही विद्युत-ठसा म्हणतो. कपड्यावर फिरणारी इस्त्री लवकर थंड होते, म्हणून सारखी वीज ओढते. नुसती उभी ठेवलेली मधूनमधून ओढते. मीटरला दोन्ही ओळखू येतात."

"इस्त्रीचं बरं काढलंस." बाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारले. "हे चालू ठेवून विसरतात. पाचला बटण बंद करताना कितीदा पकडलंय मी. गुरुवारी विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय यांचा."

"राहते खरी माझ्याकडून," दिगंबरराव म्हणाले. "ते बिल दे इकडे मृण्मयी, भरून टाकतो. वाचायचं काय त्यात."

पण बाईंनी चष्मा लावलाही होता. फ्रिज झाला, पंप झाला. "इस्त्री अकरा दिवस दुपारी तीनला लावली गेली, आणि कपड्याला न लागता पाचपर्यंत चालू राहिली."

ती ओळ त्यांनी पुन्हा एकदा वाचली. दिगंबरराव रोज दोनला वाचनालयात बुद्धिबळ खेळायला जात, ते पाचला परतत.

"आता अर्थ सांगायचा असतो," त्या हळूच म्हणाल्या. "तीनला घरात मी एकटीच असते." मग नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दोन महिने झाले."

"आणि माझी बोलणी खात राहिलात?"

"खाल्ली. सवय आहे मला." त्यांनी मृण्मयीकडे पाहिलं. "ही ओळ काढता नाही का येणार?"

उत्तर बाईंनीच दिलं. "नाही येणार. कलम माझं आहे, आणि चांगलं आहे." त्यांना रडू येत होतं, पण मृण्मयीचा अभिमानही वाटत होता. दोन महिने घरातल्या दोन माणसांना जमलं नाही, ते हिच्या कागदाने एका वाक्यात सांगितलं होतं.

त्यांनी दवाखान्याची चिठ्ठी काढली, दिगंबररावांचं नाव खोडलं आणि वळणदार अक्षरात स्वतःचं लिहिलं.

"माझं विसरणं वाढलं, तर पुढच्या बिलांत कळेल ना गं?"

"कळेल," मृण्मयी खाली बघत म्हणाली. "कदाचित तुम्हाला कळायच्या आधी."