तौहीदच्या जागेवर

मुनीर निझव्याला निघाला तो काही पश्चात्तापाने नव्हे. पश्चात्ताप त्याच्या सात पिढ्यांत कुणाला झाला नव्हता. त्याला अल मवालेहच्या बाजारातला बापाचा गाळा हवा होता, आणि धाकटा आदिलही त्यावरच डोळा ठेवून होता. राज्य कांद्याबटाट्याचं, पण दोघांची ऐट अशी की जणू सिंहासनच रिकामं होतंय!

गेल्या हिवाळ्यात माल आधी गाठायच्या ईर्षेने मुनीरने एक पिकअप रस्त्याबाहेर दाबली होती. आत निझव्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा तौहीद होता. तो जागीच गेला.

अब्बांनी बजावलं होतं, "त्याच्या बापाची माफी घेऊन ये. मगच माझ्या शेजारी जेवायला बसायचं. बसलास की गाळा तुझा."

बहीण अंबरीन कॉलेजात इतिहास शिकवायची आणि दोन्ही भावांना कवडीची किंमत देत नसे.

"जुन्या काळच्या लोंबार्ड टोळीचा राजपुत्र अल्बोइन असाच दिवटा," ती म्हणाली. "परक्या राजाकडून शस्त्रं मिळाल्याशिवाय राजपुत्राने बापाच्या पंगतीला बसायचं नाही, हा त्यांचा रिवाज. हा बहाद्दर गेला कुठे? ज्याचा मुलगा मारला त्याच्याच घरी!"

"मग? त्यांनी कापला त्याला?"

"नाही. मेलेल्या मुलाच्या जागेवर बसवून जेवू घातलं. त्याचीच शस्त्रं दिली."

"म्हणजे राजा झालाच ना? खलास!" मुनीर खिदळला.

निझव्याच्या त्या घरात भर दुपारी पडदे ओढलेले होते. लोबानाचा वास होता, आणि त्याखाली पुसटसा पेट्रोलचा. जमिनीवर जेवणासाठी दस्तरखान अंथरला होता. तौहीदच्या म्हाताऱ्या बापाने आपल्या उजवीकडे बोट दाखवलं.

"बस... त्याची जागा आहे."

आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा गालिचा तिथे ऊबदार होता. गाळ्याच्या आशेने मुनीर तरीही बसला. तौहीदची आई वाढायला आली. माशाचे काटे काढून तिने त्याच्या ताटात घास ठेवला.

"तुला काटे जमत नाहीत ना, बाळा..."

जेवण झाल्यावर म्हाताऱ्याने तौहीदचा सदरा आणून स्वतःच्या हाताने त्याच्या अंगात घातला.

"माफ केलं... बाप भेटेपर्यंत काढू नकोस."

सदरा बेतून शिवल्यासारखा बसला. मूर्खाला त्याचा आनंदच झाला!

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर तो घरी पोचला तेव्हा जेवण मांडलेलं होतं. त्याला पाहताच अंबरीनने परक्या पुरुषासमोर घ्यावी तशी ओढणी डोक्यावरून घेतली. आदिलने अदबीने सलाम केला.

"ये तौहीद," अब्बा म्हणाले. "तिकडे पाहुण्यांत बस, बेटा."

"अब्बा... मी मुनीर!"

अब्बा गोंधळून हसले. "मुनीर तुमच्याकडेच गेलाय ना? वाटेत नाही भेटला?"

त्याने सदरा ओरबाडून काढला आणि बापाच्या शेजारच्या जागेकडे धावला. अब्बांनी हात आडवा घातला.

"ती त्याची आहे... आलाच तो."

जिन्यावर पावलं वाजली, आणि त्यांच्याबरोबर तोच पुसटसा पेट्रोलचा वास आला. आदिल दार उघडायला उठला.

"अब्बा," बाहेरून मुनीरचाच आवाज आला, "त्यांनी माफ केलं."